नेहमीच्या बाई

आमच्या घरात कामाशिवाय कोणी कोणाकडे जात नाही. ही वडिलांची शिस्त. ते लिफ्ट दुरुस्त करायचे, आणि लिफ्टवाल्याला कोणी गप्पा मारायला बोलावत नाही. बंद पडली की बोलावतात, चालू झाली की त्याचं तोंड पुन्हा बघायला लागू नये अशी इच्छा करतात. चाळीस वर्षं हे करून त्यांची पक्की समजूत झाली होती की माणूस दारात उभा राहिला म्हणजे कुठेतरी काहीतरी अडलंय. सख्खी बहीण आली तरी दार उघडून आधी विचारायचे, "काय काम काढलंस?" आत्या बिचारी चपला काढता काढता काम शोधायची. एकदा तिला काहीच सुचेना, तेव्हा ती त्यांच्याकडून एक पाना मागून घेऊन गेली आणि तो परत करायला म्हणून पुन्हा आली. ताई आणि मी त्यावर पोट धरून हसलो होतो. आज हसू येत नाही.

वडील गेले त्याला तीन वर्षं झाली. शिस्त राहिली. आई तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी असते, मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, बसने सव्वा तास. ताई तर दुसऱ्याच देशात. मी रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये तीस वर्षं काढली आहेत. माणसांपेक्षा मला नळ्या बऱ्या वाटतात, हे मी लपवत नाही. नळी कुरकुर करत नाही. मशीनमध्ये ठेवली की तिच्या पोटात काय आहे ते आकड्यात सांगते आणि गप्प बसते.

सुरुवातीला आईचे फोन यायचे. स्वयंपाकघरातला बल्ब गेलाय. नळ ठिबकतोय. टीव्हीचा रिमोट चालत नाही. मी एका रविवारी जाऊन सगळ्या खोल्यांत पाच वर्षं टिकणारे दिवे लावून आले, नळ बदलून घेतला, रिमोटच्या सेलचं अख्खं पाकीट तिच्या कपाटात ठेवलं. फोन बंद झाले. मला वाटलं, चला, आईचं बस्तान बसलं एकदाचं.

मग ताईने पाठवलेली एक शाल द्यायला मी गेले, तर भर दुपारी पडदे लावलेले. आई पलंगाच्या कडेवर हातात कंगवा घेऊन बसलेली. अर्धे केस विंचरलेले, अर्धे तसेच.

"कधीपासून बसलीयस अशी?"

"आत्ताच."

धुतलेले केस त्या अर्ध्या अवस्थेतच वाळून कडक झाले होते. गॅसवरच्या भांड्यात कालचं सूप होतं, वर साय धरलेलं. रेडिओची वायर काढून गुंडाळून ठेवली होती. मी विचारलं का, तर म्हणाली, "उगाच बोलत बसतो."

मला भीती वाटली. भीती वाटली की मला राग येतो, आणि राग आला की मी पट्टा बांधते. पिशवीत सामान होतंच. तिथल्या तिथे तिच्या दंडाला पट्टा बांधून मी दोन नळ्या रक्त घेतलं आणि सोमवारी सकाळी स्वतः मशीनला लावलं. साखर ठीक, मीठ ठीक, थायरॉइड ठीक. मॅग्नेशियम एक पूर्णांक चार. कमीत कमी एक पूर्णांक सात हवं.

माझा जीव भांड्यात पडला. आईला दुःख झालेलं नव्हतं, आईत मॅग्नेशियम कमी होतं.

डॉक्टरांना कागद दाखवला. ते म्हणाले, हो, या वयात खनिजं कमी पडतात, त्याने मरगळ येते, चिडचिड होते, झोप उडते. गोळ्या देऊन बघू. पण नुसतं त्यानेच असं होतं असंही नाही. "आणि बोलत जा त्यांच्याशी," हेही म्हणाले. मी गोळीचं नाव लिहून घेतलं, दिवसातून किती वेळा ते लिहून घेतलं. बोलत जा हे लिहिलं नाही. त्याला मात्रा नव्हती.

ताईला तर उधाण आलं. तिने कुठे कुठे वाचून काढलं आणि पार्सलं धाडायला सुरुवात केली. मॅग्नेशियम, झिंक, सेलेनियम. प्रत्येक डब्यावर एक पांढऱ्या केसांचं जोडपं समुद्रकाठी हसतंय. आईने डबा डोळ्यांजवळ नेऊन त्या बाईकडे बराच वेळ पाहिलं.

"हिला दात कोणी बसवून दिले ग? विचारून ठेव ताईला."

आठवड्यातलं तिचं पहिलं धड वाक्य ते. मी फोन करून ताईला सांगितलं, गोळी लागू पडतेय. तेव्हा गोळी घेऊन जेमतेम दोन तास झाले होते.

दर दुसऱ्या रविवारी मी रक्त घ्यायला जायचं ठरलं. उपाशीपोटी घ्यायचं म्हणून सकाळची पहिली बस. मी पोचायच्या आत आईची आंघोळ झालेली, केस विंचरलेले, टेबलावर टॉवेलची घडी, त्यावर उघडा हात. दारात तिचा ठरलेला प्रश्न, "काय काम काढलंस?" आणि माझं ठरलेलं उत्तर, "रक्त प्यायला आलेय." मग ती हसायची. शीर फार बारीक तिची, बोटाखालून सरकते. नवख्याला सापडायची नाही. मला डोळे मिटूनही सापडते.

सुई काढली की कापूस दाबून धरायचा. इतरांना मी तीन मिनिटं सांगते. आईची कातडी पातळ झालेली, लगेच काळंनिळं होतं, म्हणून दहा मिनिटं मी स्वतःच दाबून बसायची. त्या दहा मिनिटांत ती बोलायची. वडील एकदा स्वतःच दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये चार तास अडकले होते, आणि लाजेपायी ओरडले नाहीत, हे मला तेव्हा कळलं. आई त्यांचा डबा घेऊन त्या इमारतीत गेली होती. लिफ्ट बंद म्हणून पाच जिने चढली आणि दोन मजल्यांच्या मधून आवाज आला, "आज भाजी कसली आहे?" हे सांगताना आई इतकी हसली की कापूस सुटला आणि टॉवेलवर ठिपका पडला. मग चहा, पाव. मग मी निघायची, कारण काम झालेलं असायचं.

आई सुधारत होती. पडदे उघडे दिसू लागले. रेडिओची वायर पुन्हा भिंतीत गेली. फक्त आकडा हलेना. एक पूर्णांक चार. एक पूर्णांक पाच. पुन्हा चार. मी मशीन तपासून घेतलं, नवीन द्रावण लावलं, नळी दोनदा फिरवली. ताईने गोळीचा प्रकार बदलला, मग मात्रा वाढवली, मग आणखी महागातली पाठवली. आई म्हणे सगळ्या वेळेवर घेते. डबे तर रिकामे होत होते.

खिडकीतल्या कुंडीतलं झाड मात्र काय फोफावलं होतं. हिरवंगार, पानं तळहाताएवढी. ताई फोनवर चित्र बघून म्हणायची, "आईचा हात लागला की कसं होतं बघ." एका रविवारी मी त्याला पाणी घालायला गेले तर मातीत पांढरं काहीतरी दिसलं. बोटाने उकरलं. अर्धवट विरघळलेल्या गोळ्या. वरच्या थरात या आठवड्याच्या, खाली त्याआधीच्या.

मी नको नको ते बोलले. लहान मुलासारखं काय वागतेस, ताई तिकडून पदरमोड करून पाठवते, मी इकडून सव्वा तास धक्के खात येते, आणि तू झाडाला चारतेस. आई टॉवेलची घडी नीट करत राहिली.

"गिळताना अडकतात ग."

"मग तसं सांगायचं होतं."

"सांगणार होते. राहिलं."

मला ते खरं वाटलं. त्रेपन्न वर्षांची बाई मी, रक्ताचा एक थेंब बघून चार गोष्टी सांगणारी, आणि मला ते खरं वाटलं.

मी गोळ्या बंद करून पावडर आणली. सकाळी कामाला येणाऱ्या बाईंना सांगितलं, पेलाभर पाण्यात कालवायची आणि समोर उभं राहून पाजायची, पेला रिकामा झाल्याशिवाय हलायचं नाही. बाई शब्दाच्या पक्क्या. चार आठवड्यांत एक पूर्णांक सहा, सहा आठवड्यांत एक पूर्णांक आठ, आणि आठव्या आठवड्यात बरोबर दोन.

त्या दिवशी रक्त घ्यायचं नव्हतंच, मी रिपोर्ट द्यायला गेले होते. आकड्याभोवती लाल गोल केला होता. आई बाही वर करूनच बसली होती.

"आज नाही. हे बघ. दोन."

"म्हणजे?"

"म्हणजे छान. आता सहा महिन्यांनी बघायचं. सुटलीस."

सुटलीस, असंच म्हणाले मी. तिने कागद लांब धरून पाहिला. मग बाही खाली केली, मनगटाचं बटण लावायला तिला जरा वेळ लागला.

"मध्ये एकदा बघून टाकलं तर? दोन महिन्यांनी वगैरे?"

"कशाला उगाच सुया टोचून घेतेस?"

"नाही, ते बरोबर आहे," आई म्हणाली, आणि टॉवेल उचलून कपाटात ठेवून आली.

त्यानंतर अकरा आठवडे मी गेले नाही. जायचं कारणच नव्हतं. फोन केला की आई म्हणायची, "ठीक आहे सगळं, तुझं काय काम होतं?" माझं काही नसायचं, मग आम्ही ठेवून द्यायचो. एकदा कामाच्या बाईंचाच फोन आला.

"आई धड जेवत नाहीत. पडदे लावून बसतात. आज मला बघून म्हणाल्या, तुम्ही कोण?"

"पावडर देता ना?"

"ती देतेच हो."

"पेला पूर्ण संपवतात?"

"संपवतात."

"मग काळजी नाही," मी म्हटलं. हे मी म्हटलं, दुसऱ्या कोणी नाही. झोपेतून उठल्या असतील, ओळख लागायला वेळ लागला असेल, असं मनाशी ठरवून मी पुन्हा नळ्यांकडे वळले.

गुरुवारी सकाळी घरोघरी जाऊन रक्त गोळा करणारे आमचे मिशाळकाका आले आणि आदल्या दिवशी घेतलेल्या नळ्यांचा ट्रे माझ्या टेबलावर ठेवला. मी एकेक उचलून लेबल कागदाशी ताडून बघत होते. सहाव्या नळीवर आईचं नाव होतं.

आधी वाटलं, नावासारखं नाव. मग वय पाहिलं, पत्ता पाहिला. फोनवरच्या मुलीने भरलेला फॉर्म सोबत होता. तपासणी: मॅग्नेशियम. डॉक्टरांची चिठ्ठी: नाही. आणि खाली, पेशंटला काही विशेष सांगायचं असेल तर लिहायची जागा असते, ती सहसा कोरीच असते, तिथे लिहिलं होतं: नेहमीच्याच बाई पाठवा, त्यांना माझी शीर सापडते.

"ही म्हातारी," मिशाळकाका हात धुता धुता म्हणाले, "दारातच विचारते, नेहमीच्या बाई नाही आल्या? मी म्हटलं, त्या आत असतात, बाहेर मीच येतो. माझ्या मागे जिन्यात डोकावून आली. मग म्हणाली, आता आलायत तर घ्या. दोनदा टोचावं लागलं, पण हूं का चूं केलं नाही."

"माझी मुलगी आहे ती, असं म्हणाली का?"

"कोण?"

"काही नाही," मी म्हटलं.

नळी मशीनला लावली. दोन पूर्णांक एक. कागदावर आई ठणठणीत होती. मी त्या आकड्याकडे बघत बसले आणि मला एकेक दिसायला लागलं. बल्ब. नळ. रिमोट. कुंडी. तिने एकेक काम काढलं होतं आणि मी एकेक निकालात काढलं होतं. तिला गोळी गिळताना अडकत नव्हती. आकडा वर गेला की मी येणार नाही, हे तिला माझ्याआधी कळलं होतं. आणि आता तिला "माझी मुलगी येऊ दे" असं म्हणता आलं नाही, कारण तसं म्हणायची आमच्यात रीतच नव्हती. म्हणून तिने गिऱ्हाईक होऊन मला मागवलं. मला माझी इतकी लाज वाटली की मी मशीनच्या मागे जाऊन उभी राहिले.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी निघाले. बसमध्ये ठरवलं, आज काम काढायचं नाही. आज नुसतं बसायचं.

दार उघडायला तिला वेळ लागला. केस अर्धेच विंचरलेले. आतून बंद खोलीचा वास आला.

"काय काम काढलंस?"

"काही नाही. सहज आले."

हा शब्द त्या घरात कधी कोणी उच्चारला नसावा. आईने दाराची कडी धरली. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरलेला मला दिसला.

"काल माझं रक्त नेलं एकाने. तू बघितलंस का ते?"

"हो."

"म्हणून आलीस."

"नाही ग. रिपोर्ट चांगला आहे. सगळं छान आहे."

"छान असतं तर तू आली असतीस का?"

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. तिला खरंच विचारायचं होतं. ती पलंगाच्या कडेवर बसली, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून.

"आज गुरुवार आहे. तू रजा घेतलीस. तुझे वडील गेले तेव्हाही तू दोनच दिवस घेतली होतीस." ती हळू बोलत होती, हिशेब लावत. "काय निघालंय? कॅन्सर आहे का?"

"आई, काहीही निघालेलं नाही. मी तुला भेटायला आलेय."

"ताईला कळवलंस?"

"कळवण्यासारखं काही नाही."

"तेही असंच म्हणायचे. काही नाही, काही नाही. मग एक दिवस दवाखान्यातून फोन आला."

मी शेजारी बसले. तिचा हात धरला, तर ती आणखीनच घाबरली, कारण हातही आमच्यात कारणाशिवाय धरत नाहीत. मी तीनदा खरं सांगितलं. शपथ घेतली. जितकं सांगितलं तितकं तिचं तोंड बारीक होत गेलं. ती बाईंना काय काय द्यायचं, कपाटाची किल्ली कुठे आहे, हे सांगायला लागली. मी तिला भेटायला आले होते आणि ती मरायची तयारी करत होती.

तीस वर्षांत मी आकडा बदलला नव्हता. एकदाही नाही, शेवटच्या दशांशाचाही नाही.

"मॅग्नेशियम खाली गेलंय," मी म्हटलं. "पुन्हा एक पूर्णांक चार."

आई थांबली.

"एवढंच?"

"एवढंच."

"खरं?"

"खरं."

तिने श्वास सोडला. खांदे खाली आले. "अगं मग आल्या आल्या सांगायचं ना. जीव घेतलास माझा." तिने डोळे पुसले, उठली, खिडकीशी जाऊन पडदा सारला. "म्हणजे आता बघत राहावं लागेल."

"हो. दर पंधरा दिवसांनी."

"रविवारी?"

"रविवारी."

"बरं." कपाटातून टॉवेल काढून तिने टेबलावर घडी ठेवली आणि खुर्ची ओढून बसली. "मग आज घेणार असशील."

घ्यायचं काही नव्हतं. चांगलं रक्त होतं, सकाळीच बघितलेलं. नाही म्हणावं असं मला वाटलं आणि तिने बाही वर केली. डाव्या हातावर कालचा डाग होता, मनगटापर्यंत उतरलेला, जांभळा. मी उजवा हात घेतला. पिशवीत सामान होतंच. पट्टा बांधला, शीर बोटाखाली सापडली. ऐंशी वर्षांच्या बाईला मी विनाकारण सुई टोचली आणि तिने सुखाने डोळे मिटले. नळी अर्धी भरल्यावर थांबले. लेबलवर नाव, तारीख, वेळ घातली, कारण ती वाचून बघते.

मग कापूस दाबून बसले. ती बोलायला लागली. वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय, त्यांच्या पोरीला खोकला आहे, रात्रभर ऐकू येतो. झाडाची पानं पिवळी पडतायत हल्ली. तुझ्या आत्याचा तो पाना अजून खालच्या खणात आहे, परवा सापडला. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. रक्त केव्हाच थांबलं होतं.

"थांबलं असेल की ग आता."

"अजून नाही," मी म्हटलं.

आईने मान हलवली आणि दुसरा हात उजेडात धरून कालचा डाग निरखला.

"रविवारी पण उजव्यातूनच घे," ती म्हणाली. "याला अजून आठवडा जाईल. पुढल्या वेळेला डावा देईन."

मी बरं म्हटलं.